छाया-किंमत

शिरोलीत हायवेच्या अल्याड आमची फौंड्री.
एक किलो बीड ओतायला किती पडतं ते मी काढते :
पिग आयर्न, भंगार, वीज, वाळू, राळ,
आणि एक रकाना ज्याला मालक ‘इतर’ म्हणतात.
त्यात चहा, अमावास्येचा नारळ,
आणि ट्रान्सफॉर्मर जळाला त्या रात्री
ज्याला जे दिलं ते सगळं.

तीन वर्षांची हीट-रजिस्टरं शीटमध्ये भरली.
दस्तगीरचाचांचा सात आणि एक सारखाच दिसतो.
अडले तिथं त्यांनाच विचारलं.
डोळे बारीक करून म्हणाले,
“सात. त्या दिवशी लाईट गेल्ती.”

रेषा काढली. ठिपके तिच्या आसपास बसले.
मंगळवारचे तेवढे वर.
सोमवारची सुट्टी, वाळू दोन रात्री उघडी पडते,
सुकते,
मंगळवारचा माल भोकं घेऊन बाहेर येतो.
मी ‘मंगळवार’ नावाचा रकाना केला,
असेल तर एक, नसेल तर शून्य.
किलोमागं दोन रुपये दहा पैसे निघाला मंगळवार.
मालकांनी एवढंच विचारलं, “गोणपाट केवढ्याला येतं?”
ओलं गोणपाट आलं. ठिपके उतरले.

मग त्यांना चव लागली.
तीन ऑर्डरी, एक भट्टी, आठवड्याचे तास मोजके :
पंपाची केसिंगं घ्यायची, का व्हॉल्व्ह, का ट्रॅक्टरचे हब?
शीटनं उत्तर दिलं,
आणि खाली, न मागता, आणखी एक रकाना.
छाया-किंमत.
ज्याचा एक तास वाढला तर नफा कितीनं वाढेल.

भट्टी : अठराशे चाळीस.
ग्राइंडिंग : दोनशे साठ.
कोअर खोली : शून्य.

माझ्या खुर्चीमागं इंदुबाई भोपळे उभ्या होत्या,
कोपरापर्यंत वाळू.
ओतीव जिथं पोकळ राहायचं
तिथं आधी त्यांची वाळू बसते,
मग लोखंड, मग हातोडा,
आणि ती झडून जाते.
“आमचं किती वो?”

शून्य म्हणजे फुकट नव्हे, मी सांगायला लागले,
शून्य म्हणजे तुमचे तास पुरून उरतात,
अडतंय ते भट्टीपाशी...
“उरत्यात न्हवं? मग चार दिस रजा द्या.
पोरीचं बाळंतपण हाय, कागलला जातो मी.”
मालकांनी शून्य पाहिलं होतं. नाही म्हणता येईना.

बुधवारी केसिंगचे कोअर तडकले.
गुरुवारी ओलेच निघाले.
उरलेल्या तिघी बोलेनाशा झाल्या.
शुक्रवारी धातू तयार, साचे उघडे,
आणि दस्तगीरचाचा भट्टी नुसती धरून उभे,
मीटर पळतोय.
मी कोअर खोलीचे शहाण्णव तास
अडुसष्ट केले, पुन्हा एंटर दाबला.

भट्टी : शून्य.
मी मान वळवून पाहिलं. लालभडक होती.
कोअर खोली : अकराशे सत्तर.

शनिवारी इंदुबाई आल्या, जिलेबीचा पुडा घेऊन.
नात झाली. पावणेतीन किलो.
वजन सांगताना माझ्याकडं बघून हसल्या,
किलोवारी माझा विषय म्हणून असेल.
“आता किती वो आमचं?”
“तुम्ही आलात. परत शून्य.”
“आन् काल?”
“अकराशे सत्तर.”
“दिवसाला?”
“तासाला.”

त्यांची हजेरी दिवसाला चारशे वीस.
त्या काही बोलल्या नाहीत.
बोटाचा पाक पदराला पुसला,
चष्मा नव्हता तरी स्क्रीनजवळ वाकल्या,
तो आकडा कुठल्या ओळीत आहे
ते बोटानं दाखवून घेतलं.

“ह्येचा एक कागूद काढून द्या मला.”

बोनसची बैठक पुढच्या महिन्यात.
मी दोन काढले.